अध्ययनसाधने व छात्राध्यापक

पाठ्यविषयाचे आकलन सुलभ, अचूक व टिकाऊ व्हावे, यासाठी शिक्षक व विद्यार्थी ज्या वस्तू, उपकरणे, मुद्रित साहित्य किंवा ध्वनिचित्रमुद्रणे वापरतात, त्यांना अध्ययनसाधने ही सर्वसाधारण संज्ञा लावली जाते. फळा, पाटी, नकाशा, तक्ता, प्रतिकृती, चिंचोके व मणी, प्रयोगशाळेतील उपकरणे, शालेय ग्रंथालय, नभोवाणीचा कार्यक्रम, चित्रफीत, संगणक आणि आंतरजालावरील पाठ या सर्वांचा तीत समावेश होतो. शाळेच्या आवारातील झाड, गावचा ओढा, आठवड्याचा बाजार किंवा कुंभाराचे चाक यांचा अध्ययनासाठी हेतुपूर्वक उपयोग केल्यास तीही अध्ययनसाधनेच ठरतात. कोणतीही वस्तू केवळ स्वतःच्या गुणाने साधन होत नाही. विशिष्ट वयाच्या विद्यार्थ्यांना विशिष्ट गोष्ट समजावी म्हणून तिची योजना केली, म्हणजेच तिला साधनाचे रूप येते.

शैक्षणिक तंत्रविद्या ही संज्ञा याहून व्यापक आहे. उद्दिष्टे निश्चित करणे, त्यांना अनुरूप असा आशय, पद्धती व साधने निवडणे, प्रत्यक्ष अध्यापनातून मिळालेल्या फलाचे मूल्यमापन करणे आणि त्यानुसार मूळ योजनेत सुधारणा करणे, ही सर्व प्रक्रिया तीत अभिप्रेत असते. यंत्रांचा वापर हा या प्रक्रियेचा एक भाग होय. शिक्षणशास्त्र पदविका किंवा पदवी यांसाठी प्रशिक्षण घेणाऱ्या छात्राध्यापकाला या दोहोंचा परिचय अभ्यासक्रमातून करून दिला जातो. परंतु परिचय होणे आणि साधनाची पारख येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सराव पाठासाठी रात्र जागून रंगविलेला तक्ता परीक्षकाचा शेरा मिळताच गुंडाळून ठेवला जातो व नोकरी लागल्यावर तो पुन्हा उघडला जात नाही, हा अनुभव प्रशिक्षण महाविद्यालयांना नवा नाही. तक्त्याच्या जागी आज संगणकावर तयार केलेली चित्रमालिका आली आहे. साधन बदलले, तरी त्याच्याकडे पाठाचा अलंकार म्हणून पाहण्याची वृत्ती मात्र कायम आहे. ही वृत्ती कशी बदलावी, हा शिक्षक-प्रशिक्षणापुढील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

ऐतिहासिक आढावा : महाराष्ट्रातील जुन्या पंतोजींच्या शाळांत मुलांचे लेखन धूळपाटीवर होत असे. फळीवर पसरलेल्या बारीक धुळीत बोटाने वा काडीने अक्षर काढावयाचे, ते पुसावयाचे व पुन्हा काढावयाचे, अशी ही पद्धत होती. ‘धुळाक्षरे’ हा शब्द तिचीच आठवण आहे. कागद दुर्मिळ व महाग असण्याच्या काळात चूक करण्याची व ती सुधारण्याची अमर्याद संधी देणारे हे साधन होते. मद्रास येथील लष्करी अनाथालयाचा अधीक्षक म्हणून काम करताना अँड्रू बेल (१७५३–१८३२) यांनी देशी शाळेतील मुलांना वाळूवर अक्षरे गिरविताना पाहिले आणि ती पद्धत आपल्या संस्थेत आणली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकविण्याच्या प्रथेसह तिचे वर्णन त्यांनी १७९७ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केले. पुढे इंग्लंडमध्ये प्रसृत झालेली ‘मद्रास पद्धती’ ती हीच.

यूरोपात शब्दाआधी वस्तू दाखवावी, हा विचार योहान आमोस कोमीनिअस (१५९२–१६७०) यांनी आग्रहाने मांडला. १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झालेले त्यांचे ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस हे मुलांसाठी रचलेल्या आद्य सचित्र पाठ्यपुस्तकांपैकी एक होय. योहान हाइन्रिख पेस्टालोत्सी (१७४६–१८२७) यांनी प्रत्यक्ष निरीक्षणाला शिक्षणाचा पाया मानले. फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) यांनी चेंडू, घन, दंडगोल व ठोकळे अशा क्रमबद्ध ‘देणग्या’ बालकांच्या हाती दिल्या. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी रोम येथे १९०७ मध्ये सुरू केलेल्या बालगृहात साधनांची रचनाच अशी केली, की मुलाची चूक त्याला शिक्षकाने न सांगता साधनातूनच कळावी. भोकात न बसणारा दट्ट्या मुलाला स्वतःहून दुसरे भोक शोधावयास लावतो. साधनाने काय करावे, याचे हे एक उत्तम उदाहरण आहे.

भिंतीवरचा मोठा फळा हे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी रूढ झालेले साधन होय. एडिंबरो येथील जेम्स पिलॅन्झ (१७७८–१८६४) यांनी भूगोलाच्या अध्यापनात त्याचा केलेला वापर प्रसिद्ध आहे. संपूर्ण वर्गाने एकाच वेळी एकाच आकृतीकडे पाहणे त्यामुळे शक्य झाले. आकृती विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत, विचाराच्या गतीने वाढत जाते, हा फळ्याचा गुण पुढील अनेक साधनांना साधता आलेला नाही.

विसाव्या शतकात चित्रपट, नभोवाणी व दूरचित्रवाणी ही साधने एकामागून एक शाळेत आली. प्रत्येकाच्या आगमनाबरोबर मोठ्या आशाही व्यक्त झाल्या. चित्रपटामुळे शाळांतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, असे भाकीत टॉमस अल्वा एडिसन यांनी १९१३ मध्ये केले होते. सिडनी प्रेसी (१८८८–१९७९) यांनी १९२० नंतरच्या दशकात प्रश्नोत्तरांचे यंत्र तयार केले. बी. एफ्. स्किनर (१९०४–९०) यांनी १९५४ नंतर अध्यापनयंत्रे व क्रमान्वित अध्ययन यांचा पुरस्कार केला. आशयाचे लहान लहान टप्पे पाडावेत, प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्याकडून उत्तर घ्यावे आणि ते बरोबर की चूक हे त्याला तत्काळ कळवावे, ही त्यांची तत्त्वे होत. यंत्रे मागे पडली. तथापि संगणकावरील बहुतेक स्वाध्याय आजही याच तत्त्वांवर उभे आहेत. अमेरिकन अभ्यासक लॅरी क्यूबन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टीचर्स अँड मशीन्स या ग्रंथात या वाटचालीचा आढावा घेतला आहे. मोठ्या अपेक्षा, मर्यादित वापर आणि अखेरीस शिक्षकांना दिला जाणारा दोष, हे चक्र प्रत्येक साधनाच्या बाबतीत फिरलेले दिसते. साधन निवडणाऱ्यांनी वर्गातील कामाची घडण विचारात घेतली नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

वर्गीकरण : साधनांचे वर्गीकरण निरनिराळ्या तत्त्वांवर केले जाते. ज्ञानेंद्रियांनुसार दृक्, श्राव्य व दृक्‌श्राव्य असे तीन वर्ग पाडतात. वापराच्या रीतीवरून प्रक्षेपित साधने (उदा., चित्रपट्टिका, पारदर्शिका, चित्रपट) व अप्रक्षेपित साधने (उदा., तक्ते, नकाशे, खादीफलक, कप्पेफलक, प्रतिकृती) असा भेद करतात. निर्मितीच्या दृष्टीने तयार मिळणारी, शिक्षकाने केलेली आणि विद्यार्थ्यांनी केलेली असेही वर्ग करता येतात. यांपैकी शेवटचा वर्ग विशेष मोलाचा असून नेमक्या त्याकडेच दुर्लक्ष होते. आपल्या गावाचा नकाशा पावलांनी मोजून काढणाऱ्या विद्यार्थ्याला प्रमाण, दिशा व चिन्हे या संकल्पना छापील नकाशा पाहणाऱ्यापेक्षा अधिक स्पष्ट होतात. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्पर्शाने वाचावयाचे नकाशे, ब्रेल लिपीतील पुस्तके व ध्वनिमुद्रिते लागतात. अशी साधने डोळसांनाही उपयुक्त ठरतात. त्यामुळे त्यांना निराळ्या कपाटात ठेवण्याचे कारण नाही.

एडगर डेल (१९००–८५) यांनी १९४६ मध्ये दृक्‌श्राव्य अध्यापनावरील आपल्या ग्रंथात ‘अनुभवाचा शंकू’ मांडला. त्याच्या तळाशी प्रत्यक्ष हेतुपूर्ण अनुभव व शिखराशी शाब्दिक चिन्हे असून, मध्ये नाट्यीकरण, प्रात्यक्षिक, सहल, प्रदर्शन, चित्रपट, चित्रे इत्यादींचे थर आहेत. हा शंकू मूर्ताकडून अमूर्ताकडे जाणारा क्रम दाखवितो. तळचे साधन श्रेष्ठ व वरचे कनिष्ठ, असा त्याचा अर्थ नाही. शंकूसोबत ‘वाचलेले १० टक्के, ऐकलेले २० टक्के, केलेले ९० टक्के लक्षात राहते’ अशा स्वरूपाची आकडेवारी अनेक टिपणांतून व प्रशिक्षणवर्गांतून दिली जाते. डेल यांच्या शंकूत असे कोणतेही आकडे नव्हते; ते मागाहून त्याला चिकटले आणि त्यांना संशोधनाचा आधार नाही. छात्राध्यापकांच्या पाठ-टाचणांत ते अजूनही आढळतात, म्हणून त्याचा येथे मुद्दाम उल्लेख केला आहे.

भारतातील वाटचाल : भारतात साधनांचा विचार दोन प्रवाहांनी झाला. पहिला प्रवाह स्थानिक व अल्पमोली साहित्याचा. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी भावनगर येथे १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी माँटेसरी पद्धतीला भारतीय परिस्थितीत आणण्याचे कार्य पुढे नेले. १९४५ मध्ये बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ (१९१०–९२) त्यांना तेथे येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. परदेशी बनावटीची महाग साधने तेथे परवडणारी नव्हती आणि मुलांच्या ओळखीचीही नव्हती. म्हणून पाने, बिया, खडे, शिंपले, काड्या, माती असे परिसरातील साहित्य घेऊन वर्गीकरण, क्रम, गणन व रंगपरिचय यांचे खेळ रचण्यात आले. मुले शाळेत येत नाहीत असे पाहून शाळाच पाड्याच्या अंगणात नेण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

याच प्रवाहातील दुसरा महत्त्वाचा प्रयोग मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम हा होय. १९७२ मध्ये १६ उच्च प्राथमिक स्तरावरील शाळांत तो सुरू झाला व १९७८ मध्ये सर्व जिल्ह्यात पसरला. साध्या साहित्याची प्रयोगपेटी प्रत्येक शाळेस दिली जाई. शिक्षक प्रशिक्षणवर्गात विद्यार्थ्यांप्रमाणेच गटात बसून सर्व प्रयोग स्वतः करीत आणि त्यांतील अडचणी मासिक बैठकीत मांडीत. २००२ मध्ये शासनाने हा कार्यक्रम बंद केला. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी करण्याचा अरविंद गुप्ता यांचा पुढील काळातील उपक्रम या परंपरेशी जोडलेला आहे. पुणे येथील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून ही खेळणी असंख्य मुलांपर्यंत व शिक्षकांपर्यंत पोहोचली. युनेस्कोने १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेले विज्ञान-अध्यापनाचे साधनपुस्तकही याच दृष्टीचे होते. युद्धात प्रयोगशाळा उद्ध्वस्त झालेल्या देशांतील शिक्षकांसाठी आधी तयार केलेल्या एका पुस्तिकेचा ते विस्तार होते.

दुसरा प्रवाह जनसंपर्कमाध्यमांचा व यंत्रांचा. दिल्लीतील शाळांसाठी दूरचित्रवाणीचे कार्यक्रम १९६१ मध्ये सुरू झाले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग (‘साइट’) झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविण्यात आले. सकाळचे कार्यक्रम शाळेतील मुलांसाठी असत. सुट्टीच्या काळात प्राथमिक शिक्षकांसाठी १२ दिवसांचे विज्ञान-प्रशिक्षणही घेण्यात आले. त्यात दूरचित्रवाणीला प्रत्यक्ष प्रयोग, लेखी साहित्य व गटचर्चा यांची जोड दिलेली होती. केवळ पडद्यावरून प्रशिक्षण पुरे होत नाही, ही जाण तेव्हापासून आहे.

१९८४ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत केंद्रीय शैक्षणिक तंत्रविद्या संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रात पुणे येथे त्याच वर्षी सुरू झालेली राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था ‘बालचित्रवाणी’ या नावाने ओळखली गेली. तिचे मराठी कार्यक्रम दूरदर्शनवरून एका पिढीने पाहिले. २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली. १९८४ मधीलच ‘क्लास’ योजनेत निवडक माध्यमिक शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक देण्यात आले. परंतु शिक्षकांची तोकडी तयारी व अभ्यासक्रमाशी न जुळणारे परदेशी कार्यक्रम यांमुळे तिचा पाया कच्चा राहिला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार १९८७ मध्ये ‘खडू-फळा’ योजना आली. प्रत्येक प्राथमिक शाळेस किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि नकाशे, तक्ते, खेळणी, पुस्तके असे आवश्यक साहित्य मिळावे, असा तिचा हेतु होता. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांची उभारणीही याच सुमारास झाली.

२० सप्टेंबर २००४ रोजी शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह प्रक्षेपित करण्यात आला. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हे शिक्षकांसाठीचे अंकीय व्यासपीठ सुरू झाले. पाठ्यपुस्तकावरील चौकोनी संकेतचिन्ह भ्रमणध्वनीने टिपून संबंधित चित्रफीत पाहण्याची सोय पाठ्यपुस्तकांत आली. मार्च २०२० मध्ये कोरोना साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा अध्यापन एकाएकी पडद्यावर गेले. ज्या घरांत एकच भ्रमणध्वनी होता किंवा तोही नव्हता, त्या घरांतील मुले शाळेपासून तुटली. त्या काळात शिकविणाऱ्यांना आणि घरूनच सराव पाठ घेणाऱ्या छात्राध्यापकांना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली : पडद्यापलीकडील मुलाला समजले की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखण्याची सवय हे शिक्षकाचे किती मोठे साधन आहे.

परिणामकारकता : साधनामुळे अध्ययन सुधारते काय, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये अनेक अभ्यासांचा परामर्श घेऊन असे प्रतिपादिले, की माध्यम हे केवळ आशय पोहोचविणारे वाहन असून अध्ययनातील फरक अध्यापनपद्धतीमुळे पडतो. रॉबर्ट कोझ्मा यांनी या मताचा प्रतिवाद केला. त्यांच्या मते काही माध्यमांमुळेच काही पद्धती शक्य होतात. हा वाद पुढे दीर्घकाळ चालला.

क्षेत्रीय अभ्यासांतून अधिक ठोस बोध मिळतो. पेरू देशात ग्रामीण प्राथमिक शाळांतील मुलांना मोठ्या प्रमाणावर लहान संगणक देण्यात आले. ३१९ शाळांवर आधारित व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित व भाषा यांतील संपादनावर त्याचा परिणाम आढळला नाही. याउलट वडोदरा येथील नगरपालिका शाळांतील प्रयोग पाहण्याजोगा आहे. तेथे शासनाने दिलेले संगणक प्राथमिक वर्गांच्या बाबतीत जवळजवळ वापराविना होते. ‘प्रथम’ या संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे अशा रीतीने गणिताचे खेळ दिले. खेळातील प्रश्नांची काठिण्यपातळी मुलाच्या उत्तरांनुसार बदलत असे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गणितातील संपादन लक्षणीय वाढले. मात्र उपक्रम थांबल्यावर वर्षभरात लाभाचा बराच भाग ओसरला. गुजरातमधील आणखी एका अभ्यासात (२००८) संगणकाचा पाठ शाळेच्या तासाऐवजी घेतला, तेव्हा मुले मागे पडली. तोच शाळेच्या वेळेबाहेर पूरक म्हणून दिला, तेव्हा त्यांची प्रगती झाली. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१५ च्या अहवालातही, ज्या देशांनी शालेय संगणकांवर मोठा खर्च केला त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वाचन, गणित व विज्ञान यांत उल्लेखनीय सुधारणा दिसली नाही, असे नमूद आहे.

या सर्वांचे तात्पर्य असे, की साधन कोणत्या गोष्टीची जागा घेते, हा निर्णायक प्रश्न होय. चांगल्या अध्यापनाची जागा घेणारे यंत्र हानी करते. मुलाच्या पातळीनुसार सरावाची जी उणीव शिक्षक एकट्याने भरून काढू शकत नाही, ती भरून काढणारे यंत्र लाभ देते.

छात्राध्यापकाची तयारी : १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सूक्ष्म-अध्यापनाचे तंत्र विकसित झाले. भारतीय प्रतिमानात सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुनरध्यापन व सहा मिनिटे पुनर्प्रत्याभरण असे छत्तीस मिनिटांचे चक्र असते. त्यात फलकलेखन, उदाहरणे देणे, प्रश्न विचारणे अशी एकेक कौशल्ये सुटी करून त्यांचा सराव केला जातो. या पद्धतीने छात्राध्यापकाला धिटाई येते. तथापि सूक्ष्म-पाठातील विद्यार्थी हे बहुधा सहाध्यायीच असल्याने, खऱ्या मुलाचा गैरसमज कसा असतो, हे तीत कळत नाही.

ली शुलमन यांनी १९८६ मध्ये हीच उणीव दाखवून दिली. विषयाचे ज्ञान व अध्यापनाचे ज्ञान यांखेरीज, विशिष्ट विषय मुलांना कोठे अवघड जातो व तो कसा मांडला असता उलगडतो, याचे एक निराळे ज्ञान शिक्षकाजवळ असते. पुण्य मिश्र व मॅथ्यू केलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाच्या ज्ञानाची भर घालून या तिहींच्या संगमाचे प्रतिमान मांडले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार २०१५ पासून शिक्षणशास्त्र पदवीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. त्यात माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे चिकित्सक आकलन हा विषय आणि एकूण वीस आठवड्यांचा शाळा-अनुभव समाविष्ट झाला. दीर्घ आंतरवासितेचा खरा उपयोग असा, की छात्राध्यापकाला एकच साधन दोन वेगळ्या तुकड्यांत वापरून पाहता येते, फसलेले का फसले याचा विचार करण्यास अवधी मिळतो आणि शाळेच्या कपाटात काय पडून आहे हेही पाहता येते.

एक उदाहरण घेऊन ही पारख कशी करावी, ते पाहता येईल. चंद्राच्या कला हा विषय शिकवावयाचा आहे. पृथ्वीची सावली पडल्यामुळे कला दिसतात, असा गैरसमज मुलांत व कित्येक प्रौढांतही आढळतो. वस्तुतः सावलीमुळे चंद्रग्रहण होते. छात्राध्यापकापुढे चार साधने आहेत. पहिले पाठ्यपुस्तकातील आकृती. तीत पृथ्वीभोवतीचा चंद्र अंतराळातून पाहिल्यासारखा व त्याच्या कला पृथ्वीवरून दिसतात तशा, अशा दोन दृष्टिकोनांची एकाच चित्रात सरमिसळ असते आणि गैरसमज पुष्कळदा तेथेच सुरू होतो. दुसरे साधन चित्रफीत. ती गती दाखविते. पण पाहणारा बाहेरच राहतो व सरमिसळ तशीच राहते. तिसरे साधन अंधाऱ्या खोलीत एक दिवा व प्रत्येक मुलाच्या हाती काठीवर खोचलेला एक चेंडू. हात लांब करून व चेंडू डोक्याच्या किंचित वर धरून मूल स्वतःभोवती सावकाश फिरते, तेव्हा त्याचे डोके ही पृथ्वी ठरते. चेंडूचा अर्धा भाग सदैव उजळलेला असूनही आपल्याला त्याचा कमी-अधिक भाग दिसतो, हे ते स्वतः पाहते. चौथे साधन आकाश. अमावास्येनंतरच्या पंधरवड्यात रोज सूर्यास्तास चंद्र कोठे व केवढा दिसला, याची नोंद मुलांनी करावयाची. घरोघरी भिंतीवर असलेल्या दिनदर्शिकेत संकष्टी चतुर्थीच्या चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात. त्या उशिराच्या का, आणि पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास का उगवतो, हा प्रश्न मुलांच्या घरातूनच वर्गात येतो.

यांत संगणकाला स्थान नाही, असे मुळीच नाही. पावसाळ्यात आकाश झाकलेले असते. अशा वेळी ‘स्टेलेरियम’सारख्या मुक्त आज्ञावलीने आपल्याच गावचे आकाश कोणत्याही दिवसाचे दाखविता येते. मात्र मुलांनी चेंडू फिरविल्यानंतर व काही दिवस चंद्र पाहिल्यानंतर ती वापरली, तर ती त्यांच्या नोंदी पडताळण्याचे साधन होते. प्रथमच वापरली, तर तेही एक चित्रच ठरते. साधनांची निवड करताना त्यांचा क्रमही निवडावा लागतो, हे यावरून दिसून येईल.

अशा विचारातून छात्राध्यापकाने प्रत्येक साधनासंबंधी स्वतःस काही प्रश्न विचारावयाचे असतात. या घटकात मुले नेमकी कोठे अडतात? हे साधन त्या अडचणीलाच भिडते काय? वर्गात साधन हाताळण्याचे काम शिक्षक करणार की मुले? शेवटच्या बाकावरील मुलाला ते दिसेल व ऐकू येईल काय? वीज गेली, तर पाठ पुढे चालेल काय? आणि साधन बाजूस ठेवल्यावर मुलांना काय करता येईल? पाठ-टाचणातील ‘शैक्षणिक साधने’ या रकान्यात साधनाच्या नावापुढे त्याच्या वापराचा हेतु एका वाक्यात लिहावयाचा, एवढा पालट केला, तरी पुष्कळ साधने आपोआप गळतील व उरतील ती कामाची असतील.

अडचणी व दक्षता : साधनांच्या वापरातील अडथळे सर्वच आर्थिक नसतात. शाळेतील साहित्य जडसंग्रहाच्या नोंदवहीत लिहिलेले असते. फुटल्यास वा हरवल्यास जाब द्यावा लागेल, या भीतीने ते कुलपात राहते. सूक्ष्मदर्शक नवाकोरा राहतो व मुले त्याची आकृती काढून गुण मिळवितात. वापरातून झालेली झीज ही हानी न मानता वापराचा पुरावा मानावी, अशी तरतूद प्रशासनाने केल्याशिवाय छात्राध्यापकाचा उत्साह नोकरीत टिकणे कठीण आहे. दुरुस्तीचा खर्च, वर्गातील विद्यार्थिसंख्या व तासिकेचा अपुरा वेळ हेही प्रश्न आहेतच. भाषेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. आंतरजालावर विपुल साहित्य असले, तरी मराठीत व मुलांच्या बोलीला जवळ असे साहित्य त्या मानाने थोडे आहे, आणि भाषांतरित निवेदन पुष्कळदा मुलांना परके वाटते.

आंतरजालावरील साधनांबाबत आणखी दोन दक्षता आवश्यक आहेत. पहिली, आशयाच्या सत्यतेची. चकचकीत चित्रफितीतही चूक असू शकते. तसेच अलीकडे संगणक स्वतःच रचून देत असलेली उत्तरे आत्मविश्वासपूर्ण असूनही चुकीची असू शकतात, म्हणून ती पडताळून घेतल्याखेरीज वर्गात नेऊ नयेत. दुसरी, मुलांच्या खासगीपणाची. विद्यार्थ्याची छायाचित्रे, गुण व वैयक्तिक माहिती अनेक उपयोजनांकडून गोळा केली जाते. २०२३ च्या भारतीय अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरविली आहे. सराव पाठाचे चित्रण करून ते प्रसृत करणाऱ्या छात्राध्यापकाने हे ध्यानात ठेवले पाहिजे. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण-अहवालानेही तंत्रज्ञानाचा स्वीकार कोणाच्या अटींवर होतो, हाच प्रश्न मध्यवर्ती मानला आहे.

धूळपाटीपासून संगणकापर्यंतच्या वाटचालीत साधने बदलत गेली आणि यापुढेही बदलतील. आज प्रशिक्षण घेणारा शिक्षक तीन दशकांहून अधिक काळ वर्गात उभा राहील व आज शिकलेली यंत्रे त्या काळात अनेकवार कालबाह्य होतील. म्हणून एखादे यंत्र चालविण्याचे कसब एवढीच त्याची शिदोरी असून चालणार नाही. मूल कोठे अडले आहे हे ओळखणे, त्या अडचणीला योग्य असे साधन हाताशी असेल त्यातून निवडणे, नसल्यास ते मुलांसह तयार करणे आणि निरुपयोगी ठरल्यास ते सोडून देणे, ही क्षमता त्याला शेवटपर्यंत पुरेल. ती भाषणांतून येत नाही. छात्राध्यापकाने स्वतः साधने करावी, वापरावी, त्यांतील काही फसलेली पाहावी आणि त्यांविषयी जाणत्या शिक्षकाशी बोलावे, एवढी उसंत प्रशिक्षणाच्या काळात त्याला मिळाली पाहिजे.